दिव्याच्या गाण्याची परवानगी

ठकुबाई : ...पंखा राहू दे. घाम न्हाई आलाय मला, राग आलाय. तू आपली ती कम्प्युटरातली सूचना काढ.

सबिहा : काकी, आधी पाणी तरी घ्या. मार्गासनीहून एसटी बदलत भोरला आलात उन्हाचं. निरोप धाडला असता तर अब्बाच आले असते तुमच्याकडं.

ठकुबाई : याकूबभाईला मुद्दाम न्हाई सांगितलं. तुझा बा पेटी वाजवतो झकास, पण ह्यांचं नाव निघालं की रडाय लागतो, अन् मग त्याला गप करण्यात माझं बोलायचं राहून जातं. माझं काम तुझ्याशी हाय. पथकाची ती वेबसाईट का काय म्हणता, ती तूच केलीस न्हव?

सबिहा : हो. याच मशीनवर. रखमाकाका त्या खुर्चीत बसायचे, तुम्ही बसलात तिथंच.

ठकुबाई : मग आता त्यात काय लिवलंय ते मोठ्यानं वाच. देवळात टांगलेलं म्या येता-जाता बघतीया. पण बघतीया नुसतं, वाचाय कुठं येतंय. एकदा ऐकू दे तुझ्या तोंडानं.

सबिहा : देवळात? देवळात कुणी टांगलं?

ठकुबाई : वाच म्हणते न्हव.

सबिहा : बरं. 'गुंजवणी शाहिरी पथक. कायदेशीर सूचना. या संकेतस्थळावरील सर्व गीते, चाली व ध्वनिमुद्रणे यांचे सर्व हक्क शाहीर रखमाजी यांच्याकडे राखीव आहेत. त्यांच्या लेखी परवानगीवाचून कोणतेही गीत पूर्णतः अथवा अंशतः गाणे, वाजवणे, छापणे यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल. न्यायक्षेत्र पुणे.'

ठकुबाई : झालं?

सबिहा : झालं.

ठकुबाई : त्यांच्या लेखी परवानगीवाचून. त्यांच्या म्हंजी ह्यांच्याच ना?

सबिहा : हो. गाणी त्यांचीच ना.

ठकुबाई : अन् हे तर गेले. येत्या रविवारी वरीस होतंय. मग आता परवानगी आणाय कुणाला धाडू मी? कोण जातंय तिकडं?

सबिहा : काकी, असं काय बोलता. तुम्हाला परवानगी कशाला हवी? कसली परवानगी?

ठकुबाई : तुला खरंच ठाव न्हाई? याकूबभाई काय बोलला न्हाई घरी?

सबिहा : अब्बांची गाडी नसरापूरला चुकली होती त्या दिवशी. ते नदीवर पोचले तेव्हा अग्नी देऊन झाला होता. घरी येऊन जेवले नाहीत, एवढंच मला माहीत आहे.

ठकुबाई : मग ऐक. मार्गासनीत, अन् मार्गासनीतच कशाला, वर वेल्ह्यापतोर, कुणीबी गेलं की ह्यांचं दिव्याचं गाणं म्हणत्यात. 'वाट माझी सरंना, डोंगर काही हटंना, दारी दिवा ठेव गं, डोळा माझा मिटंना.' तेच ते. जत्रंसाठी केलं व्हतं खरं तर. रातच्याला परगावाहून परत येणाऱ्या गड्याचं गाणं हाय, त्यात मरणाचं काय न्हाई. पण सोनबा पाटलाची म्हातारी गेली तवा कुणीतरी म्हणलं, अन् मग तशी रीतच पडली. भजनी मंडळ म्होरं चालायचं अन् वेशीच्या भाईर गेलं की हे गाणं. ह्यांनीच उचलायचं. वैर असू दे, बोलचाल नसू दे, मयताला हजर. गावातलं एक माणूस ह्यांच्या गाण्याबिगर गेलेलं न्हाई.

अन् ह्यांना नेलं मुक्यानं.

सबिहा : मुक्यानं म्हणजे?

ठकुबाई : म्हंजी मुक्यानं. अभंग म्हणले दोन, टाळ वाजले. ते सगळ्यांनाच म्हणत्यात. तिरडी उचलली तरी गाण्याचं नाव न्हाई. म्या उंबऱ्यात. बायकांनी धरलेलं व्हतं मला. म्या म्हणलं, अरं म्हणा की त्यांचं गाणं, वाट कुणाची बघताय? तर मानसिंग, आमच्या मंडळाचा वीणेकरी, खाली मान घालून जवळ आला. म्हणाला, ठकुबाई, सूचना रखमाजीनं स्वतः आणून देवळात लावलीया. माझ्या परवानगीबिगर माझं गाणं म्हणायचं न्हाई, असं त्यानंच आमाला बसवून वाचून दाखवलंय. आज त्याच्या प्रेताम्होरं त्याचा शब्द मोडायचा व्हय?

आता सांग. शिव्या द्याव्या तर कुणाला? माणसं वाईट न्हाईत. मान राखाय गेली ती.

सबिहा : या अल्ला.

ठकुबाई : तुझ्याकडनं कागद छापून घेतला व्हता ह्यांनी. आठवतंय?

सबिहा : आठवतंय. काका म्हणाले, एक प्रत दे, घरी दाखवतो. मी प्रिंट काढून प्लॅस्टिकमध्ये बसवून दिली. मला वाटलं तुम्हाला दाखवायला नेतायत.

ठकुबाई : मला दाखवलीच की. तीनतीनदा दाखवली. हे बघ माझं नाव, हे बघ कायदा. मग देवळात टाळ-मृदंगाच्या वर खिळा मारला. वाटंल त्याला हात धरून न्यायचे वाचाय. शेंबड्या पोरासारखी हौस. म्या म्हणलं बी, देवाच्या दारात ही मनाई कशापायी? तर म्हणाले, तुला न्हाई कळायचं.

सबिहा : काकी, ते का इतके पेटले होते ते तुम्ही विसरू नका. कुणीतरी जत्रेत चोरून रेकॉर्डिंग केलं आणि पुण्यातल्या कुठल्या तरी कंपनीनं दुसऱ्याच गायकाकडून गाऊन घेऊन सीडी काढली. काकांनी ते गाणं पहिल्यांदा नसरापूरच्या बाजारात एका टेम्पोत ऐकलं. सीडी विकणाऱ्याला म्हणाले, हे माझं आहे. तो हसला त्यांच्या तोंडावर. म्हणाला, बाबा, असं रोज एक जण येतो. तिथून ते घरी नाही गेले, सरळ माझ्याकडं आले, आणि तुमच्या त्या खुर्चीत बसून रडले. मी बघितलंय. एवढा मोठा माणूस. मग मी काय करायचं होतं? त्यांच्यासाठी काहीतरी करायचं म्हणून मी ती सूचना टाकली.

ठकुबाई : तू लिवलीस?

सबिहा : लिहिली म्हणजे... एका मोठ्या कंपनीच्या वेबसाईटवर इंग्रजीत होती. ती घेतली आणि मराठी केलं.

ठकुबाई : म्हंजी चोरी होऊ नये म्हणून जे लिवलं, तेच उचललेलं?

सबिहा : ...हो.

ठकुबाई : हसू येतंय बघ मला. वरीस झालं हसले नव्हते.

सबिहा : हसा. मला मात्र आता रात्री झोप लागायची नाही. त्यात अजून एक सांगते, मनात ठेवत नाही. मध्ये पथकाच्या कामासाठी कोर्टात गेले होते तेव्हा एका वकिलांना सहज ती सूचना दाखवली. ते म्हणाले, अगं, देवधर्माच्या कार्यात, लग्नात म्हणायला कायद्यानं कुणाची परवानगी लागतच नाही. कायदा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. भजनी मंडळाला मनाई नव्हतीच, काकी. कधीच नव्हती. मी म्हटलं, करू कधीतरी दुरुस्ती. तशीच राहिली.

ठकुबाई : नव्हतीच?

सबिहा : नव्हतीच.

ठकुबाई : थांब जरा. काय बोलू नकोस.

...

नव्हतीच. अन् सगळं गाव खाली मुंडी घालून चाललं. म्या उंबऱ्यात उभी, अन् लांबून नुसता टाळांचा आवाज. लोक मला सांगत्यात, ठकुबाई, तृप्त गेला तुझा मालक, दहाव्याला कावळा लगेच शिवला. कावळ्याला काय, भात व्हता. म्या न्हाई तृप्त.

सबिहा : काकी, मी आत्ताच्या आत्ता काढते ती. हे बघा. ही सगळी सूचना धरली... आणि ही गेली. बघा, कोरं झालं पान.

ठकुबाई : एवढंच?

सबिहा : एवढंच.

ठकुबाई : बोटानं. अन् तिकडं माणूस माणसाला तोंड दाखवंना झालं.

सबिहा : मानसिंगकाकांना मी चिठ्ठी लिहून देते, सही-शिक्क्यानिशी. देवळातली प्रतही उतरवायला सांगते. मंडळ रविवारी गाणं म्हणेल. तुम्ही काळजी करू नका.

ठकुबाई : मंडळ म्हणंल गं. मानसिंगला चिठ्ठीबी नको, तू नुसतं सांगितलं तरी ऐकंल. पण मंडळाला ते गाणं अर्धंच येतं. हे म्होरं म्हणायचे अन् मागनं झील धरायचा गेनबा. घरातनं जशी ओ यावी तसा त्याचा आवाज यायचा. गेनबाबिगर ते गाणं म्हणायचं म्हंजी हाका मारत बसायचं नुसतं. मला गेनबा पायजे रविवारी.

सबिहा : भोंगवलीचे गेनबाकाका.

ठकुबाई : व्हय. ज्यांना तू कागद धाडलास ते.

सबिहा : काकी, ते पत्र...

ठकुबाई : ठाव हाय. तू आपल्या मनानं न्हाई धाडलंस. ह्यांनीच सांगितलं असंल. माणूस माझा व्हता, मला न्हाई का कळत? भोंगवलीच्या जत्रंत गेनबानं ते गाणं म्हणलं असं कुणीतरी कानावर घातलं अन् ह्यांच्या डोक्यात सणक गेली. सीडीवाला हाताला लागला न्हाई ना. चोर सोडून संन्याशाला फाशी. मामाच्या घरी मार्गासनीत वाढलेला गेनबा, ह्यांच्या संगट गुरं राखलेला, सगळं आयुष्य मागं उभं राहून झील धरली त्यानं, कंदी म्होरं आला न्हाई. त्याला नोटीस! म्या तीन दिस बोलले न्हाई ह्यांच्याशी. पण उपेग काय? पोस्टात पडलं व्हतं.

सबिहा : मी काकांना म्हटलं होतं, गेनबाकाकांना कशाला? फोन करा नाहीतर भेटून या. ते म्हणाले, कायदा सगळ्यांना सारखा. मी टाइप केलं. नाही म्हणायला हवं होतं.

ठकुबाई : ह्यांना न्हाई म्हणणारा जन्मलाच न्हवता. सोड ते. मयताला गेनबा आला व्हता. सगळ्यांच्या मागं, पिंपळाखाली उभा. म्या उंबऱ्यातनं ओरडले, भावजी, तुमी तरी म्हणा. तर हात जोडले. वहिनी, माझ्यावर कागद आलाय म्हणाला. अन् तसाच गेला. त्यानंतर म्या दोनदा निरोप धाडला. येत न्हाई. म्हणतो, ज्यानं बंदी घातली त्यानंच उठवावी. तुझ्याकडं त्याचा नंबर हाय का?

सबिहा : त्यांच्या नातवाचा मोबाईल आहे. लावू?

ठकुबाई : लाव. त्याच्यासाठीच आलीया. पण आधी तू बोल. माझा आवाज ऐकून ठेवून दिला तर?

सबिहा : वाजतोय. स्पीकरवर टाकते, तुम्हालाही ऐकू येईल. ...हॅलो? जरा आजोबांना देता का? भोरहून सबिहा बोलतेय म्हणावं.

गेनबा : कोण? याकूबची सबिहा? बोल पोरी. बा बरा हाय न्हव?

सबिहा : बरे आहेत, काका. काका, मी ती वेबसाईटवरची सूचना काढून टाकली. आत्ता, काही वेळापूर्वी. आणि तुम्हाला आलेलं पत्र रद्द समजा. त्याला काही अर्थच नव्हता. माझी चूक झाली.

गेनबा : तुझी कशाची चूक. खाली सही रखमाजीची व्हती.

सबिहा : हो, पण आता कायद्यानं ते हक्क ठकुकाकींकडे आले. माणूस गेल्यावर साठ वर्षं ते वारसाकडे राहतात.

गेनबा : साठ वर्सं?

सबिहा : हो.

गेनबा : कायद्याला लई दम हाय की. आमाला कुठं एवढा.

सबिहा : काकी इथंच बसल्यात. त्या परवानगी द्यायला तयार आहेत. रविवारी वर्षश्राद्ध आहे. तुम्ही या आणि म्हणा, असं त्यांचं म्हणणं आहे.

गेनबा : वहिनीला सांग, तुमची परवानगी घिऊन काय करू? तुमी बंदी घातलीच नव्हती.

ठकुबाई : म्या ऐकतीया, भावजी.

गेनबा : वहिनी. रामराम.

ठकुबाई : रामराम. किती दिस धरून बसणार हाय हे?

गेनबा : धरलं न्हाई काय म्या. मला येईनाच. गळ्यापतोर येतं अन् बसतं. वहिनी, जत्रंत म्या ते गाणं का म्हणलं, कुणी सांगितलं तुमाला? रखमाजीला निरोप धाडला व्हता, यंदा आमच्या जत्रंला तू म्हण. तो 'येतो' म्हणाला. त्याची जागा धरून बसलो रातभर. न्हाई आला. गाव म्हणलं, गेनबा, तूच म्हण आता. तवा त्याचं बी म्याच म्हणलं अन् माझं बी म्याच म्हणलं. वाटलं, कळलं तर हसंल. म्हणंल, गेन्या, म्होरं उभा राहिलास की रं कंदीतरी.

अन् मग पोस्टमन आला. सही घेतली माझी. नातवानं वाचून दाखवलं. कारवाई-बिरवाईचं काय न्हाई वाटलं मला. पण त्यात मला 'आपण' म्हणलं व्हतं. आपण असे केले, आपणास कळविण्यात येते. रखमाजीनं, मला. जलमात कंदी तो मला गेन्याबिगर बोलला न्हाई.

सबिहा : काका, ते शब्द माझे होते. पत्राची तशी पद्धत असते.

गेनबा : असंल पोरी. पण रखमाजीला वाचून दाखवलं असशील न्हव? मग सही केली असंल.

सबिहा : ...हो. वाचून दाखवलं होतं.

गेनबा : तेच. वहिनी, एक विचारू? खरं सांगायचं.

ठकुबाई : विचारा.

गेनबा : पुण्याला दवाखान्यात एवढा पडून व्हता. शेवटाला त्यानं माझं नाव काढलं का?

(सबिहा फोनवर हात धरते आणि ठकुबाईला मानेनं खूण करते : हो म्हणा.)

ठकुबाई : न्हाई.

न्हाई काढलं, भावजी. म्या दोनदा म्हणलं, गेनबाला बोलवून घिऊ का. पहिल्यांदा भिताडाकडं तोंड केलं. दुसऱ्यांदा म्हणाले, मला मोसंबी सोलून दे. त्यावर म्या काय विचारलं न्हाई. माझा माणूस मेला, पण त्यानं जे म्हणलं न्हाई ते म्या त्याच्या तोंडात घालायची न्हाई. तुमी यावं म्हणून बी न्हाई. माझा राग हाय त्यांच्यावर. रोज दिवा लावताना भांडते मी त्यांच्याशी. तुमाला दुखवलं, स्वतःचं गाणं स्वतःला मिळू दिलं न्हाई, अन् मला ठेवलं मागं निस्तराय. पण रविवारी मला ते गाणं पायजे. त्यांच्यासाठी न्हाई तर माझ्यासाठी म्हणा. वरीसभर मला वाटतंय ते अजून वेशीपाशीच उभे हायेत.

सबिहा : काका? आहात ना फोनवर?

गेनबा : हाय.

वहिनी, 'काढलं' म्हणला असता ना, तर म्या फोन ठेवणार व्हतो. मला का ठाव न्हाई रखमाजी? चुकलं म्हणाय त्याची जीभ कंदी वळलीच न्हाई. पोरपणी भांडणात माझा पावा मोडला. महिनाभर बोलला न्हाई. मग एक दिस माझ्या म्होरं नवा पावा टाकून गेला, मान वळवून बी बघितलं न्हाई.

ठकुबाई : असलंच व्हतं ते माणूस.

गेनबा : असलंच. मोसंबी सोल म्हणाला व्हय?

ठकुबाई : व्हय. अन् खाल्ली न्हाई. हातात धरून पडले.

गेनबा : हां.

रविवारी कंदी यायचं?

ठकुबाई : दिवसाउजेडी या. नदीवरनं माणसं परत आली की भजनाला बसायचं. याकूबभाई पेटी धरतोय. अन् झील धराय मानसिंग उभा राहील, त्याला म्या सांगते. म्होरं तुमी.

गेनबा : म्होरं.

ठकुबाई : दुसरं कोण हाय आता?

गेनबा : वहिनी, त्याचा सूर लई उंच व्हता. मला आता तिथवर पोचायचं न्हाई. जरा खाली धरला तर चालंल का?

ठकुबाई : चालंल, भावजी.